प्रति: बियाफ्राची सीमा नेमकी कुठे?

'नायजर नदीच्या पूर्वेला इग्बो, पश्चिमेला बाकीचे, इतकं ते सरळ आहे' हे वरचं म्हणणं पटलं नाही (इग्बो म्हणजे आग्नेय नायजेरियातला मोठा समाज). मे १९६७ मध्ये पूर्व प्रांताचा लष्करी गव्हर्नर ओजुक्वूने नायजेरियातून फुटून बियाफ्रा हा वेगळा देश जाहीर केला आणि त्यावरून युद्ध पेटलं. त्या बियाफ्रात इग्बोंचं असाबा हे गाव नव्हतंच. ते नदीच्या पश्चिम काठावर, तेव्हाच्या मिडवेस्ट प्रांतात. तरी ऑक्टोबरमध्ये केंद्राचं सैन्य शिरलं तेव्हा तिथली माणसं ठेवणीतले पांढरे कपडे घालून, 'वन नायजेरिया'च्या घोषणा देत, नाचत सामोरी गेली. सैनिकांनी पुरुष आणि मोठे मुलगे वेगळे काढून त्यांच्यावर मशीनगन चालवल्या. शेकड्यांनी मेले. तुम्ही स्वतःला कोण समजता, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.

पोर्ट हारकोर्टचं उलटं. शहर बियाफ्रात होतं, पण आसपासचे इक्वेरे लोक, बोली इग्बोच्या इतकी जवळची असूनही, युद्धानंतर 'आम्ही इग्बो नाहीच' असं ठासून सांगू लागले. त्यात नवल काय म्हणा! युद्धात पळून गेलेल्या इग्बोंची घरं तिथे 'सोडून दिलेली मालमत्ता' ठरली. मालक परतले तर आत दुसराच कुणी राहतोय. नामदी कानूची आयपीओबी ही स्वतंत्र बियाफ्रा मागणारी संघटना आज पोर्ट हारकोर्टला बिनदिक्कत आपल्या नकाशात धरते, पण तिथल्या बऱ्याच जणांना ते अजिबात मान्य नाही.