शिकारीची गोळी: आधी कॅलिबर पाहावं की बांधणी?

रानमाग:
मोठ्या जनावराला मोठं कॅलिबर (गोळीचा व्यास), हा सल्ला सर्रास दिला जातो. मला तो अपुरा वाटतो. जनावराचं वजन, कातडं आणि हाडं पाहून आधी गोळीची बांधणी ठरवावी, कॅलिबर नंतर. २०-२५ किलोच्या रो हरणाला पातळ जॅकेटची (शिशावरचं तांब्याचं आवरण), पटकन फुलणारी सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसं उघडं असलेली गोळी) ठीक आहे. तीच गोळी मूसच्या (उत्तरेकडचं अजस्र हरीण) खांद्यावर बसली तर वरच्यावर फुटते, फुप्फुसांपर्यंत पोचतच नाही. जनावर जखम घेऊन पळतं आणि कुठेतरी तडफडत मरतं. १९४६ मध्ये अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांच्या हातात .३०० मॅग्नमसारखी दणकट रायफल होती, तरी चिखलानं माखलेल्या मूसला गोळ्या आरपार भेदेनात. त्यातून पार्टिशन गोळी आली: मध्ये आडवी भिंत, पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत घुसतो.

अचूक_वेध:
अजिबात पटलं नाही. गोळी काळजात किंवा फुप्फुसात बसली की बांधणीचा काथ्याकूट संपतो. आफ्रिकेतले नामांकित शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी हजारावर हत्ती मारले, त्यातले बरेच ७×५७ (७ मिमी कॅलिबरच्या) रायफलनं. आज तिला लोक हरणाची रायफल म्हणतात! नवख्यांना गोळ्यांच्या जातींत अडकवू नका, सरावाला लावा.

रानमाग:
बेल यांचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं आहे. ते १७३ ग्रेनची, म्हणजे साधारण ११ ग्रॅमची, न फुलणारी सॉलिड गोळी वापरत. हत्तीच्या कवटीतून मेंदूपर्यंत सरळ जायला तीच लागते. सॉफ्ट पॉइंट असती तर तो नेमही वाया गेला असता. उलट हरणाला सॉलिड मारली तर बारीक भोक पाडून पार जाते आणि हरीण लांबवर पळतं. अनेक ठिकाणी हरणासाठी अशा गोळीवर बंदी आहे, ती याचसाठी. सरावाबद्दल मात्र पूर्ण सहमत.

पाणवठा:
शिशाबद्दल कुणीच बोलत नाही, याचं वाईट वाटतं. शिशाची गोळी फुटली की बारीक कण जखमेपासून लांबपर्यंत मांसात पसरतात. शिकारी मागे टाकतो ती आतडी खाऊन कॅलिफोर्नियातले काँडर (मोठी गिधाडं) शिशाच्या विषबाधेनं मेले. तिथे २०१९ पासून शिकारीत शिशाला पूर्ण बंदी आहे, डेन्मार्कनं २०२४ मध्ये रायफलच्या गोळ्यांनाही ती लावली. अखंड तांब्याची गोळी घ्या. हरणापासून मूसपर्यंत एकच चालते.

दुर्बीण:
शिसं सोडा हे मान्य, पण 'एकच चालते' हे नाही. शिशाची घनता घन सेंटिमीटरला ११.३४ ग्रॅम, तांब्याची ८.९६. त्यामुळे तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते आणि संथ पिळाच्या (गोळीला कमी फिरकी देणाऱ्या) नळीतून सुटल्यावर डगमगते. दुसरं म्हणजे तांबं फुलायला वेग लागतो. अनेक गोळ्या सेकंदाला ५५०-६०० मीटरच्या खाली नीट उघडत नाहीत, मग त्या सॉलिडसारख्याच वागतात. वजन एक पायरी कमी घ्या, वेग वाढेल. आणि लांबचे बार टाळा.

अचूक_वेध:
म्हणजे शेवटी अंतर आणि नेमच ना?

रानमाग:
हरणापुरतं म्हणा हवं तर. केप बफेलोसमोर (आफ्रिकेतली रानम्हैस) अंतर कमी आणि नेम चोख असला तरी पातळ जॅकेटची गोळी खांद्याच्या हाडावर फुटणारच. तिथे .३७५ कॅलिबरमध्ये ३०० ग्रेनची बाँडेड (आवरण शिशाला घट्ट जोडलेली) किंवा सॉलिडच घाला, कारण जखमी म्हैस उलटून अंगावर येते.