सावत्र असूनही पाठीशी उभा राहिलेला बाप

पुष्कळ जण म्हणतात की मुलीला घडवते ती आईच, बापाने फी भरली की त्याचं काम संपलं. मला हे अजिबात पटत नाही.

भारतातल्या सुरुवातीच्या महिला डॉक्टरांपैकी एक, डॉ. रखमाबाई, यांचंच बघा. लग्न अकराव्या वर्षी झालं, पण सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांनी त्यांना सासरी धाडायची घाई केली नाही. माहेरी राहूनच त्या वाचत, शिकत राहिल्या. नवऱ्याने १८८४ मध्ये कोर्टात खेचलं तेव्हाही वडील पाठीशी होते. पुढच्याच वर्षी ते गेले. १८८७ मध्ये हुकूम झाला, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली! एवढी हिंमत एका दिवसात येत नाही हो. आपल्या ‘नाही’ला घरात किंमत आहे हे मुलीला लहानपणापासून दिसावं लागतं.

आमचे एक शेजारी रोज रात्री लेकीशी कॅरम खेळतात. नियमावरून ती हमरीतुमरीवर येते, तेव्हा ‘गप्प बस’ न म्हणता तिचं पूर्ण ऐकून घेतात, पटलं तर सोंगटी परत ठेवतात. फी भरण्याइतकंच हेही बापाचं काम आहे.