शिमग्याच्या सुमारास रत्नागिरी-राजापूर: सकाळी सडा की किनारा? आणि सँडप्लोव्हरचा घोळ

पायपीट

होळी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस रत्नागिरीत मुक्काम आहे. सड्यावरचे (जांभ्या कातळाच्या उघड्या पठारावरचे) पक्षी आणि शहराजवळचा भाट्याचा किनारा, दोन्ही करायचं आहे. ८×४२ दुर्बीण आहे, २०-६० पट मोठं दाखवणारा स्कोप मिळतो आहे. प्रश्न असे:

१. एकाच दिवशी दोन्ही बसवायचं तर वेळ कशी लावायची?
२. राजापूरकडच्या देवाचे गोठणे आणि बारसूच्या सड्यावर दुपारनंतर गेलं तर चालेल का?
३. लेसर आणि ग्रेटर सँडप्लोव्हर मार्चमध्ये खात्रीने वेगळे कसे करायचे? पुस्तकातली चित्रं बघून दर वेळी गोंधळ होतो.

---

सुकती_भरती

पहिला सल्ला: जमत असेल तर मुक्काम तीन दिवस अलीकडे ओढा. पौर्णिमेनंतरचे तीन दिवस नकोत, त्रयोदशी ते पौर्णिमा घ्या.

कारण भरती. कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, तितक्या वाजता पूर्ण भरती. त्रयोदशीला पावणेदहा, चतुर्दशीला साडेदहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चिखल्या-तुतवार (किनाऱ्यावरच्या चिखलात-वाळूत चरणारे पक्षी, सँडप्लोव्हर त्यांतलेच) बघायला सगळ्यात चांगला वेळ म्हणजे चढत्या भरतीचे शेवटचे दोन तास. ओहोटीला हेच पक्षी अर्धा किलोमीटर लांब, पाण्याच्या कडेला विखुरलेले असतात. पाणी चढायला लागलं की ते स्वतःच तुमच्याकडे ढकलले जातात आणि शेवटी कोरड्या वाळूवर एका जागी थवा करून बसतात. मोजणी करायची ती तेव्हाच.

दुसरं कारण ऊन. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन पाठीमागून येतं, पायांचा रंगसुद्धा कळतो. संध्याकाळी समोर सूर्य, सगळे पक्षी काळे ठिपके. म्हणून ‘संध्याकाळी निवांत बीचवर जाऊ’ हा बेत पक्ष्यांसाठी फुकट आहे. तुमच्या तारखांना भरती बारा ते दीडच्या दरम्यान येते. वाळूवर मृगजळ नाचायला लागतं आणि स्कोपमध्ये चोच हलत्या रबरासारखी दिसते. साडेदहानंतर ४० च्या वर झूम करून काही हाती लागत नाही.

थव्याकडे सरळ रेषेत चालत जाऊ नका. तिरके जा आणि जमिनीच्या बाजूनेच राहा. माना वर झाल्या की थांबा, साधारण ५०-६० मीटरवर खाली बसा आणि बाकीचं काम पाण्याला करू द्या. उधाणाच्या भरतीला वाळूचा पट्टा फार थोडा उरतो. तेवढ्यात कुत्रं किंवा घोडागाडी आली की थवा उठतो आणि खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर जातो. एकदा उठला की मागे धावू नका, भरती उतरायला लागेपर्यंत त्यांना विश्रांती लागते.

रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत असतील तर तिकडे आधी जा. कुरव (गल) आणि सुरय (टर्न) तिथे आयते जमतात.

---

कातळकर

सड्याबद्दल लिहितो.

दुपारनंतर नको. मार्चमध्ये सूर्योदय पावणेसातच्या सुमारास. साडेसहाला सड्यावर पोहोचलेले असा, साडेनऊला खाली उतरा. नंतर कातळ तापतो, चंडोल दगडाच्या सावलीत बसतात आणि तुम्ही रिकाम्या मैदानात चालत राहता. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा थोडी हालचाल असते, ती मुख्यतः भोवत्या, खरूची (दोन्ही शिकारी पक्षी) आणि अंधार पडताना रातवे यांच्यासाठी.

देवाचे गोठणे आणि भाट्ये एका सकाळीत बसत नाहीत, मध्ये दीड-दोन तासांचा रस्ता आहे. भाट्याच्या दिवशी सडा म्हणून शहरालगतचं चंपक मैदान करा. राजापूरचा सडा ज्या दिवशी कराल त्या दिवशी किनारा आंबोळगडचा घ्या. तिथे खडक आहेत, त्यामुळे टर्नस्टोन आणि समुद्री बगळा शोधायला बरं.

सड्यावर सरसकट चालू नका. या दिवसांत बघायच्या जागा तीनच.

पहिली, पाणी साठलेल्या जुन्या चिरेखाणी. कातळावरचे खळगे फेब्रुवारीपर्यंत आटतात, मग आसपासचं सगळं प्यायला खाणीवर येतं. मुनिया, चंडोल, धोबी, पाण्याच्या कडेला हिरवी तुतारी. रचून ठेवलेल्या चिऱ्यांवर किंवा खाणीच्या भिंतीवर निळसर काळपट पक्षी ताठ बसलेला दिसला तर तो निळा शैलकस्तूर असण्याची शक्यता मोठी. खाणीच्या काठावर जाऊ नका. कडा उभी कापलेली असते आणि वरचा चिरा सुटा असू शकतो. २०-२५ मीटर मागे बसून वाट बघा, पक्षी पाण्यावर यायलाही तेच बरं.

दुसरी, वणव्याने जळालेला पट्टा. गवत जाळणं वाईटच, पण जळून गेलेल्या काळ्या जमिनीवर किडे उघडे पडतात. कोतवाल, वेडा राघू, तिरचिमण्या, टिटव्या आधी तिथे येतात. दुर्बिणीने सावकाश, डावीकडून उजवीकडे, पट्ट्यापट्ट्याने बघा. काळ्या राखेवर माळटिटवी पटकन दिसते, तांबड्या कातळावर दिसत नाही.

तिसरी, न जळालेलं उंच गवत. तिथे भोवत्या.

चंडोलांत मलबारी चंडोलाचा तुरा टोकदार आणि बसलेला असतानाही उभा. उडताना शेपटीच्या कडा तांबूस. डोंबारी नर खालून काळा, वर चढतो आणि शीळ घालत दगडासारखा खाली येतो. आकाशात एका जागी फडफडत बराच वेळ गाणारा दिसला तर शेपटीच्या कडा बघा. फिक्या असतील तर भरत. गाण्यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, मलबारी चंडोल दुसऱ्यांच्या नकला करतो.

भोवत्यांत नर सोपे. माँटेग्यूच्या नराच्या पंखावर वरून एक काळी रेघ आडवी जाते. पांढुरक्याला ती नसते, टोकाला फक्त काळी पाचर. मादी आणि पिल्लं अवघड. गालामागे फिकी कॉलर आणि तिच्या मागे गडद मान असेल तर पांढुरका. कॉलर नाही आणि डोळ्याभोवती जास्त पांढरं असेल तर माँटेग्यू. फोटो नसेल तर ‘भोवत्या, जात नक्की नाही’ लिहा, त्यात कमीपणा काही नाही.

आता काळजी. माळटिटवीची वीण याच दिवसांत सुरू होते. उघड्या कातळावर खळग्यात चार अंडी, घरटं म्हणून चार खडे. टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालायला लागली किंवा पंख मोडल्यासारखी लंगडायला लागली की आलात त्याच वाटेने मागे फिरा. पाय कुठे ठेवता ते बघत फिरा, अंडी दगडासारखीच दिसतात. दुपारी पक्षी उठवला तर तापलेल्या कातळावर अंडी उघडी पडतात. या काळात आई-बाप अंडी उबवण्यापेक्षा सावली करण्यासाठीच बसलेले असतात, पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणतात.

आणि फुरसं (विषारी साप). रत्नागिरीच्या कातळावर ते भरपूर, रंगाने मातीत मिसळलेलं. घोट्याच्या वरपर्यंत बूट, दगड उचलायचा नाही, बसण्याआधी जागा काठीने बघायची. रातव्यासाठी अंधारात थांबणार असाल तर पायाखाली टॉर्च सतत हवी. पक्ष्याच्या डोळ्यांवर ती रोखून धरायची नाही आणि मोबाईलवर आवाज वाजवून बोलवायचं तर मुळीच नाही.

जाता जाता: देवाच्या गोठण्याच्या कातळशिल्पापाशी होकायंत्राची सुई भरकटते. जीपीएस नीट चालतं. दिशा जीपीएसवरून घ्या आणि शिल्पावर पाय देऊ नका.

---

चोचमाप

सँडप्लोव्हर. आधी केंटिश (त्यांच्यासारखाच दिसणारा लहान प्लोव्हर) बाजूला काढा. मानेमागे पूर्ण पांढरी कॉलर असली की केंटिश. दोन्ही सँडप्लोव्हरना ती नसते. पुढचा क्रम असा:

चोच. चोचीची लांबी मनात उचलून तिच्या मुळापासून मागे डोळ्यावर ठेवा. डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत किंवा अलीकडे संपली तर लेसर. स्पष्टपणे पलीकडे गेली तर ग्रेटर. लेसरची चोच आखूड, टोक बोथट. ग्रेटरची लांब, जड आणि टोकाकडे निमुळती. डोकं एकदम बाजूने दिसत असतानाच हे माप धरायचं. मान १५-२० अंश जरी तुमच्याकडे वळली तरी चोच आखूड दिसते आणि ग्रेटरचा लेसर होतो. नोंदी चुकतात त्या बहुतेक इथेच.

पाय. लेसरचे गडद राखाडी ते काळे, ग्रेटरचे लांब आणि फिके, हिरवट-पिवळसर. पण ओला चिखल दोघांचेही पाय काळे करतो आणि वाळलेला दोघांचेही फिके. चिखलातल्या पक्ष्याचे पाय हा पुरावाच नाही. लाटेतून धुऊन निघालेला बघा.

उडताना. ग्रेटरची बोटं शेपटीच्या मागे बाहेर येतात, लेसरची शेपटीच्या आतच राहतात. थवा उडताना एका सेकंदाला १०-१५ फ्रेमचे फोटो घ्या, एखादा तरी उपयोगी निघतो.

आता मार्चचा फायदा. विणीचा पिसारा चढायला लागतो आणि ग्रेटर आधी रंगतो. मार्चच्या सुरुवातीला अंगावर चांगला तांबूस पट्टा आलेला एखादाच पक्षी राखाडी थव्यात दिसला तर त्याच्यावर वेळ घाला. ग्रेटरचा पट्टा अरुंद, लेसरचा रुंद आणि कुशीपर्यंत पसरलेला. आकार (लेसर १९-२१ सेंमी, ग्रेटर २२-२५) शेजारी केंटिश असेल तेव्हाच उपयोगी.

नावाचा बदल लक्षात ठेवा. २०२३ मध्ये ई-बर्डने (पक्षीनोंदींच्या संकेतस्थळाने) लेसरचे दोन तुकडे केले. आपल्या किनाऱ्यावरचा तो तिबेटन सँडप्लोव्हर. पिसारा पूर्ण आला की कपाळ सलग काळं. दुसऱ्या तुकड्याच्या, सायबेरियनच्या, कपाळावर पांढरं असतं. तसा दिसला तर घाईने यादीत टाकू नका, आधी फोटो.

---

पायपीट

तिघांचेही आभार. मुक्काम अलीकडे आणता येतो, सुटी मिळते आहे. गेल्या महिन्यातला एक फोटो आहे: चोच डोळ्याच्या थोडी पलीकडे जाते, पाय पिवळट, पक्षी ओल्या वाळूवर, डोकं किंचित माझ्याकडे. उडतानाचा फोटो नाही. ग्रेटर म्हणू का?

आणि भरतीचं गणित: पौर्णिमेला ११:१५, मग प्रतिपदेला परत एकपासून मोजलं तर १२:४५. एका दिवसात दीड तास?

---

चोचमाप

डोकं तुमच्याकडे वळलेलं असूनही चोच डोळ्याच्या पलीकडे जाते, म्हणजे खरी लांबी त्याहून जास्त. हे ग्रेटरच्या बाजूने. पाय वाळूवर आहेत, चिखलात नाहीत, तेही बाजूने. तरी ‘थोडी’ म्हणजे किती? फोटो मोठा करून पट्टीने मोजा: चोचीच्या टोकापासून मुळापर्यंत, आणि मुळापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत. पहिलं माप दुसऱ्याच्या सव्वापट किंवा जास्त असेल तर ग्रेटर लिहा. जेमतेम बरोबरीचं असेल तर नोंद दोन्हींमध्ये मोकळी ठेवा आणि फोटो जोडा.

---

सुकती_भरती

बरोबर पकडलंत. समुद्र दीड तासाची उडी मारत नाही, भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. प्रतिपदेला सोळावी तिथी धरून मोजलं तर १२ येतात, खरी वेळ त्याच्या जवळपास. पाऊणपटीचा हिशेब बेत आखायला आहे, पाऊण तास इकडेतिकडे होतोच. निघण्याच्या आदल्या दिवशी छापील कोष्टक बघा, आणि ते रत्नागिरीचं बघा. रत्नागिरीला भरती मुंबईच्या आधी येते. मुंबईच्या कोष्टकावर गेलात तर थवा बसून झालेला असेल.

त्रयोदशीपासून आलात तर: साडेसहा ते आठ चंपक मैदान, साडेआठला भाट्ये, पहिली भरती पावणेदहाला. पौर्णिमेला सड्यावर साडेनऊपर्यंत थांबता येईल. मात्र त्या दिवशी गावोगाव पालख्या आणि होम, आडरस्त्यांवर गाडी अडकते. तो दिवस लांबच्या सड्याला ठेवू नका.

---

कातळकर

रापणीवरच्या सुरयांसाठी फक्त चोच बघा. जाड काळी म्हणजे गल-बिल्ड, मोठी लालभडक म्हणजे कॅस्पियन, नारिंगी म्हणजे लेसर क्रेस्टेड, पिवळट म्हणजे ग्रेटर क्रेस्टेड, काळी पण टोक पिवळं म्हणजे सँडविच. कुरवांत यावेळी तपकिरी आणि काळ्या डोक्याचे दोघेही टोपी घालून असतात आणि लांबून टोपीचा रंग फसवतो. पंखाचं टोक बघा: काळ्या टोकात पांढरे आरसे (ठिपके) आणि डोळा फिका असला तर तपकिरी डोक्याचा, पंखाच्या पुढच्या कडेला पांढरी पाचर आणि डोळा गडद असला तर काळ्या डोक्याचा.

स्कोपच्या काचेवर खारा तुषार बसला तर कोरड्या फडक्याने पुसू नका, त्यात वाळू असते. आधी ब्लोअर, मग गोड्या पाण्याने ओलसर केलेलं फडकं, मग कोरडं. ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला पिशवी टांगा, दहानंतर वारा सुटतो.