'पॉमर्न' जहाज: आगबोटींच्या काळातही ओलंडची शिडे का टिकली?

प्रश्न (जिज्ञासू वाचक):
फिनलंडच्या ओलंड बेटांवरील मारीहाम्नच्या पश्चिम बंदरात उभे असलेले 'पॉमर्न' हे चार डोलकाठ्यांचे पोलादी जहाज मी नुकतेच पाहिले. १९०३ साली बांधलेल्या आणि इंजिन कधीच न बसवलेल्या या जहाजाने १९३९ पर्यंत मालवाहतूक केली, हे समजल्यावर मी थक्क झालो. आगबोटी सर्वत्र रूढ झाल्यानंतरही हा व्यवसाय परवडत कसा होता, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (दर्यावर्दी):
मारीहाम्नचे जहाजमालक गुस्ताफ एरिक्सन यांनी 'पॉमर्न' १९२३ साली घेतले, तेव्हा इतर देशांतील मालक शिडाची जहाजे काढून टाकत होते आणि ती फार स्वस्तात मिळत. जहाजांचा विमा एरिक्सन सहसा उतरवत नसत. बुडाले तर नुकसान त्यांचे, पण दरवर्षीचा हप्ता वाचे. खरे कारण मात्र मालात आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातील स्पेन्सर आखाताच्या काठी लहान बंदरांत गव्हाची पोती भरायला कित्येक आठवडे लागत, आणि तेवढा खोळंबा आगबोटीला महागात पडे. शिडाच्या जहाजाला कोळशाचा खर्च नव्हता आणि गव्हालाही घाई नव्हती. दक्षिण अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालून युरोपात माल उतरला, की तळाशी केवळ नीरम (रिकामे जहाज कलंडू नये म्हणून घातलेले वजन) भरलेले जहाज उन्हाळ्यात डागडुजीसाठी मारीहाम्नला परतत असे.

उत्तर (शिडवेडा):
वरील विवेचनात खलाशांचा उल्लेख राहिला आहे, आणि माझ्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे. फिनलंडसह काही देशांत जहाजावरील अधिकाऱ्याच्या परवान्यासाठी शिडाच्या जहाजावर काही काळ काम केलेले असणे आवश्यक होते. त्यामुळे अनेक तरुण मुले स्वतः पैसे भरून उमेदवार म्हणून येत. सुमारे ९५ मीटर लांबीचे जहाज जेमतेम पंचवीस-तीस माणसांवर चाले. चार ते सहा तासांच्या पाळ्या, आणि झोपेतून उठून वादळात आडव्या काठीवर चढून ओले, ताठरलेले शिड हातांनी गुंडाळणे, हा त्या मुलांचा नित्यक्रम होता. त्यांच्या या श्रमांचा विचार केल्याशिवाय त्या काळाचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही.

उत्तर (बेटप्रेमी):
हे सर्व मान्य करूनही मला वाटते की, एरिक्सन यांच्या कितीतरी आधीपासून शिडे हाताळण्याची ही विद्या ओलंडच्या घराघरांत होती. १६३८ साली सुरू झालेल्या टपालमार्गावर ओलंडमधील एकेरोचे शेतकरी उघड्या होड्यांतून स्वीडनपर्यंत टपाल नेत. हिवाळ्यात त्याच होड्या बर्फावरून ओढून न्याव्या लागत, आणि बर्फ फुटून कित्येकांनी प्राण गमावले. शेतकरी भागीदारीत लहान जहाजे बांधून सरपण आणि मासळी स्टॉकहोमला विकायला नेत असत. अशा घरांतील मुलांना दोरखंड आणि वारा नव्याने शिकवावा लागत नव्हता.

प्रश्नकर्ता:
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. पॉमर्नच्या पोलादी डेकवर उभे राहून मला त्या लहान लाकडी जहाजांची कल्पना येत नव्हती. तशी एखादी नौका आज पाहता येते का?

उत्तर (बेटप्रेमी):
अवश्य. फिनलंडच्या मुख्य भूमीवरील तुर्कू शहरात 'सिगिन' पाहावे. १८८७ साली गोथेनबर्ग येथे बांधलेले हे लाकडी मालवाहू जहाज १९२७ मध्ये ओलंडच्या वोर्दो बेटावरील मालकाकडे आले आणि १९३९ पासून संग्रहालय म्हणून जपले आहे.