पहिलारू गाय धारेला लाथा मारते, पाय न बांधता कसं जमवावं?

नमस्कार मंडळी. संगमनेर तालुक्यात आमचा सहा गायींचा गोठा आहे. त्यातली एक संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन), पहिलारू म्हणजे पहिल्याच वेताची, २० दिवसांपूर्वी व्यायली. सुरुवातीला आई धार काढायची, तेव्हा गरीब उभी राहायची. मग आईचं मनगट दुखायला लागलं म्हणून गड्याला बसवलं. एका सकाळी गाईने चरवी उलथवली आणि त्याने दांडक्याचे तीन-चार तडाखे दिले. मी ओरडलो तोवर मारून झालं होतं.

आता मीच बसतो. पण चरवीची कडी वाजली तरी ती शेपूट आवळते, पातळ शेण टाकते. गडी बसायचा त्या उजव्या बाजूने गेलो की लाथ ठरलेली. डावीकडून, खांद्यापासून हात फिरवत, बोलत बोलत मागे सरकलो तर निम्म्या वेळा उभी राहते.

सड तपासले, चीर नाही, दुधात गाठीही नाहीत. डॉक्टर म्हणाले, जनावर घाबरलं की अंगात ॲड्रेनलिन सुटतं आणि ते पान्हा येऊ देत नाही. वेळेला ८ लिटर देणारी गाय ५ वर आली. उरलेलं दूध कासेत तुंबून दगडी (कासेची सूज) व्हायची, ही खरी धास्ती.

दादा म्हणतात मागचे पाय बांध. एकदा बांधले, तर ओल्या कोब्यावर घसरून ती गुडघ्यावर आली. पुन्हा नाही. शेजारचे काका पान्ह्याचं (ऑक्सिटोसिनचं) इंजेक्शन सुचवतात, तेही मला नको.

परवा एक गोष्ट ध्यानात आली. बल्ब माझ्या पाठीमागे होता, मी हललो की माझी सावली तिच्या गव्हाणीत नाचायची. बल्ब पुढे घेतला. त्या संध्याकाळी तिने भरडा खाता खाता मान वर केली नाही, दूधही साडेसहा लिटर निघालं. एकाच वेळचा अनुभव आहे, म्हणून हुरळून गेलेलो नाही.

आता विचारायचं ते असं. वासरू पहिल्या दिवसापासून बाटलीवर आहे. इतक्या दिवसांनी ते समोर बांधलं तर पान्हा सुटेल, की ओळखणारच नाही? आणि उजव्या बाजूची भीती मोडायला रोज नुसतं जाऊन खरारा करावा, की काही दिवस ती बाजू सोडूनच द्यावी? मार खाल्लेली गाय पुन्हा धारेला लावलेल्यांनी सांगा, किती दिवस गेले?