तुर्की: 'दा' कधी जोडायचा, कधी तोडायचा? (मदत हवी आहे)

सुमेधा_प
तीन दिवस अडकलेय. 'दा' कधी शब्दाला चिकटलेला, कधी सुटा. आणि 'ने... ने...' काहीही केलं तरी चूकच. परवा परीक्षा आहे, पटकन सांगा कोणीतरी.

खवचट_काका
वाक्य द्या. इथे ज्योतिषी नाहीत.

सुमेधा_प
अहो, तेच चहाकॉफीचं! 'ने चाय ने काहवे इचमियोरुम'. अॅप लाल करतंय.

रंकाळा_४१६
'इचियोरुम' हवं. नकार 'ने... ने'मध्येच आला, क्रियापदात परत नको. आपणही 'ना चहा पितो, ना कॉफी' म्हणतो, पुढे 'नाही' लावतो का?

बॉस्फरस_रिटर्न
पुस्तकात ठीक. मी दोन वर्षं तिथे होतो, बोलताना लोक नकारार्थीही करतात.

रंकाळा_४१६
तिला पेपर लिहायचाय, टपरीवर गप्पा नाही मारायच्या.

भटक्या_नाना
एप्रिलात जा इस्तंबूलला. ट्यूलिप फुललेले असतात.

भाषावेडी
नाना, प्लीज. सुमेधा, 'चायदा' म्हणजे चहात, 'चाय दा' म्हणजे चहाही. मराठीत 'त' आणि 'ही' दोन्ही चिकटतात, म्हणून आपण फसतो. तुर्कीत 'ही'वाला सुटा. काढून बघ, वाक्य उभं राहिलं तर सुटा लिही. दोघांचाही 'दा' मागच्या स्वराप्रमाणे 'दे' होतो: चायदा, पण काहवेदे. मात्र 'प', 'त', 'क' वगैरेंनंतर चिकटणारा कडक होतो: 'कितापता', पुस्तकात. सुटा कधीच कडक होत नाही: 'किताप दा', पुस्तकही. आता हे वाच: 'हेम चायदा हेम काहवेदे शेकेर वार', चहातही साखर आहे नि कॉफीतही.

खवचट_काका
'हेम... हेम', 'या... या' (एकतर हे, नाहीतर ते), 'ने... ने' तिन्ही जोड्या फारसीतून आलेल्या. १९२८ मध्ये लिपी बदलली, पण हे शब्द हलले नाहीत. आपली तोफ तिकडचीच.

रंकाळा_४१६
आणि कैची?

खवचट_काका
तीही तुर्कीच. वेगळा धागा काढा, सांगतो.

सुमेधा_प
थांबा! मग 'बेन्दे' आणि 'बेन दे'?

भाषावेडी
पहिलं 'माझ्याकडे', दुसरं 'मीही'.

सुमेधा_प
अरे देवा. काल बाईंच्या 'आम्ही निघतोय'वर मी 'बेन्दे गेलियोरुम' पाठवलं. जोडून. त्यांनी नुसतं हसणारं तोंड टाकलं, मला वाटलं खूश झाल्या.

खवचट_काका
परीक्षा कुठली, ते अजून सांगितलेलं नाही.