नळ एक, हंडे चौसष्ट: शेड्यूलरचा न्याय नक्की कुणाला?

गिरगावकर: अंधेरीच्या आमच्या ऑफिसात टीमला मिळून एकच ३२ कोअरचं, म्हणजे एका वेळी ३२ कामं करणारं, लिनक्स बिल्ड मशीन आहे. कुठल्या कामाला कोअर कधी आणि किती वेळ द्यायचा हे त्याचा शेड्यूलर ठरवतो. परवा शेजारच्या पठ्ठ्याने मेकला -जे ६४ दिलं, म्हणजे बिल्डची चौसष्ट कामं एकदम सोडली, आणि चहाला गेला. माझी टेस्ट एकाच थ्रेडची, म्हणजे एका वेळी एकच कोअर वापरणारी, एरवी चार मिनिटांत होते, आठ लागली. हिशोब सरळ आहे. ६५ थ्रेड, ३२ कोअर. त्याला साडेएकतीस कोअर, मला अर्धा. आणि याला म्हणे ‘फेअर’!

चाळीच्या नळावर हेच पाहिलंय. पाणी पहाटे साडेचारला यायचं, आणि एकाच बिऱ्हाडाचे सहा हंडे रात्रीपासून रांगेत. रांग अगदी न्यायाने चालायची, फक्त आमची आई सातवी. २००७ मध्ये लिनक्सात इंगो मोल्नारचा सीएफएस, म्हणजे ‘कम्प्लीटली फेअर शेड्यूलर’ आला, २०२३ मध्ये ६.६ कर्नलात त्याच्या जागी ईईव्हीडीएफ. काही सांगितलं नाही तर दोघंही हंडेच, म्हणजे थ्रेडच मोजतात. माझं म्हणणं एवढंच, की बिऱ्हाडं, म्हणजे माणसं मोजा.

रात्रपाळी: अहो, ती सोय २०११ पासून आहे, कर्नल २.६.३८ मधला ऑटोग्रुप, तो थ्रेडचे गट करून गटागटाला सारखा वाटा देतो. तुमच्या मशीनवर बंद असणार. पण तो माणसं नाही, सेशन मोजतो, साधारण एक टर्मिनल म्हणजे एक सेशन. टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं देणारं साधन) दहा खिडक्या उघडल्या की दहा बिऱ्हाडं! शिवाय मग नाइस, म्हणजे आपल्या कामाला मागे ठेवायचा आकडा, चालतं ते सेशनच्या आतच. शेजारी छातीठोकपणे सांगेल, ‘मी नाइस १९ लावलं होतं’, आणि तुम्हाला त्याचा कवडीचा उपयोग नाही.

कोअरमोज्या: बिऱ्हाडं मोजायची हौस महागात पडते. २०१६ च्या युरोसिस परिषदेतला निबंध वाचा. ६४ कोअरचं मशीन, ८ नोड, म्हणजे जवळची मेमरी असलेले कोअरचे आठ गट. एका टर्मिनलवरून ६४ थ्रेडचा मेक, दुसऱ्या दोनवरून आर भाषेचा एकेक प्रोसेस. ऑटोग्रुपमुळे मेकच्या थ्रेडचा भार ६४ ने भागला जातो, आरचा एकटा थ्रेड मात्र अख्ख्या गटाचं वजन घेऊन बसतो. आता बॅलन्सर, म्हणजे कोअरांमध्ये काम हलवणारा शेड्यूलरचा भाग, बघतो नोडच्या भाराची सरासरी. आरवाल्या नोडवर बाकीचे कोअर माशा मारतायत, तरी सरासरी जड! म्हणून तो नोड शेजारचं काम ओढून घेत नाही, आणि तिकडे मेकचे थ्रेड एकमेकांच्या उरावर. वाटणी न्यायाची, पण काही नळ नुसतेच वाहतायत.

गिरगावकर: तो दोष मोजमापाचा. त्याच लोकांनी सरासरीऐवजी नोडमधला सगळ्यात कमी भार बघायला लावला आणि मेक १३ टक्के लवकर संपला. वजनकाटा चुकला म्हणून रेशनच बंद करायचं का?

ठाण्याची सून: मला तर रिकामा कोअर दिसला की ओरडणाऱ्यांचं हसू येतं. गेल्या अर्ध्या मिलिसेकंदात जे काम कोअरवर होतं ते बॅलन्सर ‘गरम’ धरतो, सहसा हलवत नाही. त्याचा डेटा त्या कोअरच्या कॅशमध्ये, म्हणजे हाताशी असलेल्या झटपट मेमरीत असतो. दुसऱ्या नोडवर नेलं तर मेमरीही लांब पडते. कधीकधी थांबलेलं बरं. (आणि हंडे पुरे करा, इथे निम्म्या लोकांनी चाळ पाहिलेली नाही.)

साहेबराव: एवढी चर्चा कशाला? प्रत्येकाला चार कोअरची मर्यादा घाला, विषय संपला.

कोअरमोज्या: साहेबराव, मर्यादा सहसा दर १०० मिलिसेकंदांची असते. चार कोअर म्हणजे ४०० मिलिसेकंदांची शिदोरी. ६४ थ्रेड ३२ कोअरवर तुटून पडले की ती साडेबारात फस्त. उरलेले साडेसत्त्याऐंशी सगळे हातावर हात धरून, मशीन मोकळं असलं तरी! यापेक्षा वजन, म्हणजे कोणाला कुठल्या प्रमाणात वाटा हे सांगणारा आकडा, परवडलं. वजनाला अर्थ येतो तो भांडण लागल्यावरच.

रात्रपाळी: हे कोअरमोज्या बोलतोय? स्क्रीनशॉट काढून ठेवतो.

गिरगावकर: काल प्रत्येक युजरला सारखं वजन दिलं, सगळ्यांना १००. शेजाऱ्याचं -जे ६४ चालू असताना माझी टेस्ट चार मिनिटांच्या थोडी वर गेली. मला पूर्ण कोअर मिळाला, त्याचा अर्धा गेला, बत्तिसातला अर्धा! त्याला पत्ताही लागला नाही.

कोअरमोज्या: एकाच शेजाऱ्यावरच्या प्रयोगावर भाळू नका. शुक्रवारी संध्याकाळी रिलीजच्या आधी पाच जण एकदम -जे ६४ लावतील, तेव्हा रिकामे कोअर मोजा आणि आकडे इथे टाका.

गिरगावकर: शुक्रवारी टाकतो. शेजाऱ्यालाही बोलावलंय, चहा त्याच्याकडून.